काड्यापेटीतला पिस्टन

एतेल्का आली ती सायकल ढकलत,
कॅरियरवर बटाटे, एप्रनच्या खिशात काड्यापेटी.
"वेन्देलच्या खणात सापडली. वर तुझं नाव आहे."
नाव चुकीचं लिहिलेलं.
तीस वर्षं तो ते मुद्दाम चुकीचंच लिहायचा.

आत कापसात पिस्टन,
अंगठ्याच्या पेराएवढा,
आणि चिठोऱ्यावर पेन्सिलीनं: ०.१४.
बास. पुढे काही नाही.

पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर
किती जागा उरते, तो हा आकडा.
केसाच्या दुप्पट म्हणा.
एवढ्याशा फटीसाठी मी त्याच्याशी
अर्धं आयुष्य भांडलो.
स्पर्धेत कुणी जवळ आलं की हा इंजिन फडक्याखाली सरकवायचा
आणि हत्यारांच्या डब्यावर बूड टेकायचा.
ताकास तूर लागू दिली नाही.
फट किती ठेवलीस, विचारलं तर म्हणायचा, "अंदाजे."
सुपातलं मीठसुद्धा तराजूवर तोलणारा माणूस!

रात्री मी त्याचा पिस्टन माझ्या नळकांड्यात घातला.
एरंडेलाचा एक थेंब. खालून बोटानं ढकलला.
सुळ्ळकन चढला, आणि अगदी टोकाशी
किंचित अडला,
जसा दारात बूट काढायला पाहुणा थांबतो.
हे मला कधी जमलं नव्हतं.
दिवा मालवला तरी मी तसाच बसून होतो.

सेगेडच्या बाहेर, तिसेच्या बांधापलीकडे आमचं वर्तुळ:
डांबर, जाळीचा पिंजरा, मध्ये खांब.
सकाळी सहाला गवत ओलं,
हवा थंड आणि जड, भाकरीच्या कणकेसारखी.
झोम्बोरनं तारा ताणल्या.
एकच पातं असलेला पंखा,
दुसऱ्या बाजूला पितळेचा गोळा.
स्टार्टर लावला, विमान ढकलगाडीवरून सुटलं,
दोन फेऱ्या घसा खाकरत गेलं,
तिसरीत किंचाळलं,
आणि मग ठप्प.
प्लग उघडला. तार गेलेली.
दुसरा लावला. तोही गेला.
तिसऱ्याची तर डोळ्यांदेखत राळ झाली.

मेला तरी खोड गेली नाही, मी म्हणालो,
झोम्बोर हसला, मला हसू आलं नाही.
चिठोरं मी मेथॅनॉलच्या कॅनखाली दाबून ठेवलं.

मग पॉपलरच्या सावलीत टरबूज कापताना आठवलं:
वेन्देल कायम भर दुपारची वेळ मागून घ्यायचा.
सगळे टोप्या तोंडावर घेऊन पडलेले,
डांबर बुटाला चिकटतंय,
आणि हा एकटाच उन्हात, बनियनवर.
आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला चढलीय.

उन्हात हवा पातळ होते.
पातळ हवेला जास्त आवळावं लागतं.
आकडा खोटा नव्हता.
मीच त्याला सकाळी उठवला होता.

दीड वाजता पुन्हा तारा लावल्या.
सुई पाव वळसा उघडली, चकत्यांना हात लावला नाही.
झोम्बोर खांबाभोवती धावू लागला,
मनगट खाचेत, मान खाली.
पहिल्या दोन फेऱ्या तोच ओला, जाड आवाज.
मग पाइपानं पकड घेतली.
आवाज कापडासारखा टरकन फाटला
आणि त्याच्या आतून दुसरा निघाला, बारीक, सरळ,
मिनिटाला चाळीस हजार फेरे,
दातांच्या मुळाशी जाणवणारा.
विमान दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त
हवेत ओढलेली एक रेघ, आणि एरंडेलाचा वास.

नऊ फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर.
बारा सेकंद आणि वर एक दशांश.
तिसरा नंबर आला.
पहिले दोघे युक्रेनचे, पोरसवदा,
त्यांच्याकडे हवेचा दाब मोजणारं यंत्र होतं.

प्लग उघडला: तार शाबूत, राखाडी, निवांत.
एतेल्काला फोन करून सांगितलं.
ती म्हणाली, बरं झालं, आणि बटाटे संपले का?

झोम्बोर हात पुसत जवळ आला.
"आजोबा, फट किती ठेवली होती?"
"अंदाजे," मी म्हणालो,
आणि डब्यावर बसलो.